एका वाक्याचं कुलूप

त्या आठवड्यात जगात चार लाख अकरा हजार चांगुणाबाई होत्या. खरी एकच. ती माळशेजच्या पायथ्याशी करवंदवाडीच्या ठाकूरवस्तीत राहायची, सत्तरीच्या घरातली होती आणि तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. बाकीच्या सगळ्या हेमांगी वर्तकच्या ‘रानवाट’ या चॅनेलवरच्या. दिसायला हुबेहूब खरीसारख्या, बोलायलाही तशाच, आणि कडू कंद कसा शिजवायचा ते प्रत्येक प्रेक्षकाला त्याच्या त्याच्या कलानं समजावून सांगणाऱ्या. त्यातल्या एकीचं ऐकून डोंबिवलीच्या वसंत टिपणीसांनी कंद शिजवला आणि हौसेनं बायकोला वाढला. शरयूताई टिपणीसांना त्याच संध्याकाळी अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं.

ही बातमी हेमांगीला दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर मिळाली. खोटं कशाला सांगायचं, फोन ठेवल्यावर तिनं पहिल्यांदा ‘पकड’ बघितली. सवयच तशी लागली होती. पकड अठ्ठ्याऐंशी होती आणि ती बघून तिला क्षणभर बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं हे तिच्या लक्षात आलं, आणि तिची लाज तिथून सुरू झाली.

पकड म्हणजे काय, ते सांगायला हवं. पूर्वी आपण फोनकडे बघायचो. गेल्या दहा वर्षांत फोन आपल्याकडे बघायला शिकला. समोरचा बारीक कॅमेरा सेकंदाला चाळीस वेळा डोळ्यांची नोंद घेतो. बाहुली किती मोठी झाली, पापणी किती वेळानं लवली, नजर कोपऱ्यातल्या घड्याळाकडे कधी गेली. माणूस कंटाळला हे त्याला स्वतःला कळायच्या आधी फोनला कळतं. हे सगळं मिळून शंभरातला एक आकडा निघतो, तो पकड. आधीची यंत्रं या आकड्यावरून पुढचा व्हिडिओ कुठला दाखवायचा एवढंच ठरवायची. ‘बहुरूपी’ नावाचं नवं यंत्र चालू असलेला व्हिडिओच बदलायचं. एखाद्याचं तासभर चित्रीकरण दिलं की त्याचा चेहरा, आवाज, हातवारे, बोलण्याची ढब ते शिकून घ्यायचं, आणि तुम्ही एक वाक्य ऐकत असताना पुढचं वाक्य खास तुमच्यासाठी बनवायचं. गावात येणारा बहुरूपी घर बघून सोंग काढायचा, हा डोळे बघून काढायचा. त्यामुळे ‘रानवाट’च्या कुठल्याही दोन प्रेक्षकांनी एकच चित्रफीत कधी पाहिलेली नव्हती.

हेमांगी मूळची कल्याणच्या एका ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी. विषय पोटतिडकीनं शिकवायची आणि मागच्या बाकांवरची पोरं तितक्याच पोटतिडकीनं झोपायची. म्हणून बहुरूपी आला तेव्हा तिला हर्ष झाला. न झोपणारा वर्ग! तिनं नोकरी सोडली, रानभाज्या आणि कंदमुळांवर चॅनेल काढलं आणि दोन वर्षांत नाव कमावलं. माहिती चोख असायची. हे तिचे शत्रूही कबूल करत.

चांगुणाबाई तिला शहापूरच्या एका प्रदर्शनात भेटली. करवंदवाडीतल्या चौदा बायकांचा गट होता, सुकवलेल्या कंदांच्या चकत्या विकायचा. त्यांचा अन्न खात्याचा परवाना चांगुणाबाईच्या अंगठ्यावर उभा होता. कागदावर ‘जाणकार’ म्हणून तिचं नाव होतं. कडू कंद विषारी असतो, त्याचं विष काढणं हे जिभेचं आणि हाताचं काम, आणि त्या भागात ते तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं. हेमांगी महिनाभर तिच्याकडे जाऊन राहिली. तिच्या हातची नाचणीची भाकरी खाल्ली, तिच्याबरोबर कंद खणले. शेवटी चित्रीकरण केलं आणि चेहरा व आवाज वापरायच्या परवानगीवर अंगठा घेतला. हे कशाला, असं चांगुणाबाईनं विचारलं, तेव्हा तुझा फोटो खूप लोक बघतील मावशी, एवढंच हेमांगीनं सांगितलं. फॉर्मवर ‘ज्ञानस्रोत’ असा रकाना होता. त्यात तिनं आवर्जून चांगुणाबाईचं पूर्ण नाव लिहिलं. श्रेय ज्याचं त्याला मिळावं, अशी तिची भावना होती, आणि त्या भावनेचा तिला थोडा अभिमानही होता.

बहुरूपी खोटं बोलू नये म्हणून एक सोय केलेली होती. व्हिडिओ करणाऱ्यानं महत्त्वाच्या वाक्यांना कुलूप लावायचं. कुलूपबंद वाक्य यंत्राला बदलता येत नसे, गाळता येत नसे. प्रेक्षक जांभया देवो की झोपो, ते जसंच्या तसं सांगावंच लागे. कंदाच्या व्हिडिओत हेमांगीनं सात वाक्यांना कुलूप लावलं होतं. चौथं वाक्य असं: ‘चकत्या दोन राती वाहत्या पाण्यात ठेवायच्या, त्याशिवाय कंद खायचा नाही.’ मूळ चित्रीकरणात या वाक्यानंतर चांगुणाबाई ओढ्याकाठी टोपलीजवळ नुसती बसलेली होती, पाणी वाहत होतं आणि ती अधूनमधून काहीबाही सांगत होती. हेमांगीला तो भाग सगळ्यात आवडायचा. प्रेक्षक नेमके तिथेच उठून जायचे.

संक्रांतीच्या सकाळी बहुरूपीनं सूचना पाठवली. चौथ्या वाक्याचं कुलूप काढल्यास पकड एकतीस टक्क्यांनी वाढेल. हेमांगीनं चहा पिता पिता विचार केला. व्हिडिओखाली सगळी कृती लिहिलेली आहेच. आणि आपली माणसं पाककृती बघतात, करतात थोडीच! बघणारे शंभर, करणारा एक. तिनं कुलूप काढलं आणि तिळगूळ वाटायला शेजारी गेली.

पुढचं तर तिला आठवायलाही नको वाटायचं. आठवड्यानं साताऱ्याच्या मामींचा फोन आला होता. कौतुक करता करता मामी म्हणाल्या होत्या, बरं झालं बाई, एका उकळीत होतो म्हणायचा तुमचा कंद, मला वाटलं फार उस्तवार असेल. हेमांगी हो हो म्हणाली. फोन ठेवल्यावर मनात काहीतरी खुपलं होतं, बघायला हवं असंही वाटलं होतं. पण दुपारी एका वाहिनीवर मुलाखत होती आणि साडीला इस्त्री करायची राहिली होती. मामींनी कंद केला नाही, म्हणून त्या वाचल्या.

टिपणीसांनी केला. निवृत्त शाळा-लिपिक, घरात दोघंच. व्हिडिओ पाहून कुणा व्यापाऱ्यानं कच्चे कंद घरपोच विकायला काढले होते, ते त्यांनी मागवले. शरयूताई अकरा दिवस रुग्णालयात होत्या. जगल्या, पण घरी आल्या तेव्हा हातातला पेला त्यांना नीट धरता येत नव्हता.

चौकशी लागली. कंपनीनं दोन पानी पत्र पाठवून कानावर हात ठेवले: मजकुराच्या अचूकतेची जबाबदारी नोंदणीकृत ज्ञानस्रोताची आहे. हेमांगीनं मोठ्या मनानं भरलेला रकाना चांगुणाबाईच्या गळ्याशी आला. नोटीस तिच्या नावानं निघाली, हेमांगीला फक्त साक्षीला बोलावलं. वकिलांनी हेमांगीला सांगितलं की विचारलं तेवढंच बोला, कुलपाचा विषय आपण होऊन काढू नका. कुलूप कुणी काढलं याची यंत्रातली नोंद आपल्या खात्यात असते, ती कुणी मागितलेली नाही. हे ऐकून हेमांगीला सुटल्यासारखं वाटलं. हीसुद्धा तिच्या लाजेतली एक पायरी.

सुनावणी तालुक्याच्या कचेरीत होती. अन्न खात्याचे गायधनी नावाचे अधिकारी, मवाळ माणूस, टेबलामागे बसले होते. एका बाजूला टिपणीस. दुसऱ्या बाजूला चांगुणाबाई, तिची सून हिराबाई आणि चांगुणाबाईच्या पलीकडच्या खुर्चीवर हेमांगी. हिराबाई दहावी शिकलेली, गटाची सचिव. तिनं मांडीवर परवान्याची फाईल घट्ट धरली होती. चांगुणाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. हेमांगी शेजारी आहे म्हणून ती निर्धास्त दिसत होती.

टिपणीस कुणावर चिडलेले नव्हते, आणि त्यामुळे ऐकणं जास्त कठीण झालं. ते म्हणाले, “या बाईंनी माझ्याकडे बघून सांगितलं साहेब. काका, तुम्हाला धीर धरवत नाही असं दिसतंय, एक चांगली उकळी दिलीत तरी पुरे. मला वाटलं, मला ओळखतातच या. शरयूसुद्धा मला हेच म्हणते.”

गायधनींनी टिपणीसांच्या फोनमधली आवृत्ती भिंतीवर लावली. हेमांगीनंही ती पूर्वी पाहिलेली नव्हती. भिंतीवरची चांगुणाबाई ओढ्याकाठी बसली होती, पदर सारखा करत होती, खऱ्या चांगुणाबाईसारखीच बोलताना डावी भुवई वर नेत होती. काका, एक उकळी पुरे, असं ती दात पडलेलं हसू हसत म्हणाली. खरी चांगुणाबाई तिच्याकडे बघतच राहिली. व्हिडिओ संपला, गायधनींनी पुन्हा लावला आणि हे तुम्हीच का, असं विचारलं.

चांगुणाबाईनं हात जोडले. “तोंड माझंच हाय सायेब. आवाज पन माझाच. मंग मीच बोलले असन.”

हिराबाईनं तिच्याकडे वळून बघितलं. आत्या, असं कसं म्हणाल तुम्ही, असं ती कुजबुजली. चांगुणाबाईनं तिचा हात बाजूला केला.

“म्हातारी झाले मी. इसरले असन. आय सांगायची दोन राती. मी एक उकळी कशी बोलले, काय ठावं नाय. पन बोलले. समद्यांनी बघितलं.”

हेमांगीची खुर्ची चांगुणाबाईच्या खुर्चीपासून हातभरही लांब नव्हती. आत्ता बोलू, असं तिला वाटलं. मग वाटलं, गायधनींचं लिहून होऊ दे. लिहून झालं. त्यांनी हेमांगीला विचारलं की हे बोलणं यंत्रानं आपल्या मनानं घातलं असेल का. हाच तो प्रश्न होता. हेमांगी म्हणाली, “मूळ माहिती सगळी मावशींची आहे.” वाक्य शंभर टक्के खरं होतं. ते उच्चारताना आपला आवाज किती छान लागला, हेही तिला कळलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परवाना तूर्त स्थगित झाला. पुढची तारीख महिन्यानं पडली.

परतीच्या वाटेवर तिनं दोघींना आपल्या गाडीतून वाडीवर सोडलं. हिराबाई मागे बसून खिडकीबाहेर बघत होती. उतरताना चांगुणाबाईनं हेमांगीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “तुझं नाव खराब केलं बाय मी. येवढं मन लावून केलं व्हतंस तू.” हेमांगी काहीतरी पुटपुटली. वाडी मागे पडल्यावर तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून भरदुपारी ओक्साबोक्शी रडली. रडून मन हलकं होतं म्हणतात. तिचं झालं नाही, कारण रडतानाही आपण कुणाला काही सांगितलेलं नाही हे तिला माहीत होतं.

पंधरा दिवसांनी हिराबाईचा फोन आला. भांडायला केला असता तर हेमांगीला सोपं गेलं असतं. हिराबाई नुसती काळजीत होती. आत्यानं कंदाला हात लावायचं सोडलंय, म्हणाली. ओल्या बाळंतिणीला कुठला पाला द्यायचा विचारायला एक बाई दोन कोस चालून आली, तिला परत पाठवलं, मला इचारू नका म्हणून. काल नाचणीचं पीठ परातीत घेऊन बसली आणि पाणी गरम घ्यायचं की गार, हे मला विचारलं. ताई, तुम्ही शिकलेल्या, एखादा डोक्याचा डॉक्टर सांगाल का?

हेमांगीनं हुं म्हणून फोन ठेवला आणि संगणकापुढे बसली. मूळ चित्रीकरण शोधायचं, मावशीला तिचंच खरं बोलणं दाखवायचं, असं तिच्या मनात होतं. मूळ चित्रीकरण नव्हतं. चेहरा आणि आवाज शिकून झाले की जागा वाचवण्यासाठी बहुरूपी मूळ फीत काढून टाकायचा. तसं अटींमध्ये लिहिलेलं होतं आणि ‘मान्य’ तिनंच म्हटलं होतं. चार लाख चांगुणाबाई शिल्लक होत्या. ओढ्याकाठी बसून दोन राती म्हणणारी एकही नव्हती.

राहिली होती ती नोंद. दोन ओळींची. हेमांगीनं ती छापली. एक प्रत गायधनींना पाठवली, सोबत चार वाक्यं लिहिली आणि वकिलांना न दाखवता पाठवली. चॅनेल बंद पडणार, गुन्हाही दाखल होईल, हे तिला माहीत होतं. तरी त्या पत्राला फार धैर्य लागलं नाही. कचेरीत कागद जातो, माणूस जात नाही. दुसरी प्रत घेऊन ती करवंदवाडीला निघाली आणि वाटेत तीनदा तिला वाटलं की हीसुद्धा पोस्टानं पाठवावी.

चांगुणाबाई ओट्यावर बसली होती. हात रिकामे होते. त्या बाईचे रिकामे हात हेमांगीनं पूर्वी कधी पाहिलेले नव्हते. हिराबाई पाणी घेऊन आली. हेमांगीनं पेला खाली ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. तू बरोबर सांगितलं होतंस, मी ते कुलूप काढलं, यंत्रानं वाक्य बदललं. चांगुणाबाईनं नीट ऐकून घेतलं, आणि मान हलवली.

“तू माझी समजूत काढतेस बाय. मी डोल्यांनी बघितलं ना.”

नाही मावशी, खरंच, असं हेमांगी म्हणाली. आपल्या शब्दावर विश्वास ठेव, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? तिनं कागद हिराबाईच्या हातात दिला. हिराबाई उभ्याउभ्या वाचू लागली. “चौदा जानेवारी, सकाळी नऊ चाळीस. वाक्य क्रमांक चार. चकत्या दोन राती वाहत्या पाण्यात ठेवायच्या. त्याशिवाय कंद खायचा नाही. बोलणारी, चांगुणाबाई मेंगाळ. कुलूप काढले.” इथं ती थांबली. तिनं हेमांगीकडे एकदाच बघितलं आणि उरलेलं वाचलं. “हेमांगी वर्तक.”

“पुन्ना वाच,” चांगुणाबाई म्हणाली.

हिराबाईनं पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी ‘दोन राती’ला चांगुणाबाईचे ओठही हलले. “म्हंजी मी सांगलं व्हतं,” ती म्हणाली. “दोन राती सांगलं व्हतं. माझं डोस्कं जाग्यावर हाय.” तिनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय हे आधी कळेना, दोन्ही होतं. हेमांगीनं शिव्या ऐकायची तयारी केली होती, चार शिव्या खाऊन मोकळं व्हायचं असा तिचा हिशेब होता. समोरचं माणूस सुखावलेलं बघावं लागेल, याची तयारी तिनं केली नव्हती.

पदर खाली आला तेव्हा चांगुणाबाईचे डोळे कोरडे झाले होते. “त्या दिशी हापिसात तू माझ्या शेजारी बसली व्हतीस,” ती म्हणाली.

“हो.”

“तुला ठावं व्हतं.”

“ठाऊक होतं, मावशी.”

चांगुणाबाई अंगणाकडे वळली. मग तिनं हिराबाईला गटातल्या बायकांना बोलवायला सांगितलं, सगळ्यांना, कामं टाकून या म्हणावं. बायका आल्या. कुणाच्या हाताला शेण होतं, कुणी मूल कडेवर घेऊन आली. त्या अंगणात दाटीवाटीनं बसल्या. परवाना गेल्यापासून या बायका चांगुणाबाईशी जपून बोलत होत्या, आजारी माणसाशी बोलतात तशा, आणि ते तिला कळत होतं. सगळ्या आल्यावर हिराबाई कागद घेऊन पुढे झाली.

“तू नको हिरा,” चांगुणाबाई म्हणाली. “हिला वाचू दे.”

हेमांगी उठली. कागद तिच्या हातात आला. चार लाख माणसांशी बोलणाऱ्या बाईला चौदा बायकांसमोर श्वास पुरेना. तिनं तारीख वाचली, वेळ वाचली, वाक्य वाचलं, चांगुणाबाईचं नाव वाचलं. आपल्या नावापाशी आल्यावर तिचा आवाज बसला. कुणाचे डोळे कुठे आहेत हे बघायची तिची हिंमत होत नव्हती. एवढं मात्र तिला जाणवत होतं की कुणाचीही नजर हललेली नाही.

“मागं आयकू येत नाय,” एक बाई म्हणाली. “मोठ्यानं वाच.”

हेमांगीनं कागद पुन्हा वर धरला, घसा साफ केला आणि आपल्या नावापासून वाचायला सुरुवात केली.